प्रेस्टनच्या गिरणीतले पणजोबा १८८१ मध्ये गेले कुठे?

शुभदा_लीड्स
नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाईंचे पणजोबा लँकेशायरमधल्या प्रेस्टनला सूतगिरणीत होते. (नवरा इंग्रज, पण या शोधाचं वेड मलाच. तो फक्त चहा करून देतो.) आडनाव इतकं सरसकट, की त्या गावात दगड भिरकावला तर त्याच आडनावाच्या माणसाला लागावा. म्हणून इथे देत नाही.

हाती लागलंय ते असं: १८६१ च्या जनगणनेत वय ९, गिरणीत अर्धवेळ. १८७१ ला वय १९, पीसर, म्हणजे तुटलेले धागे जोडणारा. १८८१ ला बायको आणि तीन पोरं, तिच्यापुढे 'विवाहित', कुटुंबप्रमुखही तीच, आणि हे गायब! १८९१ ला ती 'विधवा'. सासूबाई सांगतात, ते गिरणीत मुकादम होते आणि अपघातात गेले. मला ती मुकादमकी काही पटत नाही. पुढे कुठे शोधू?

खटपट्या
१८८१ ची गणती ३ एप्रिलच्या रात्रीची. जो जिथे झोपला, तिथे त्याची नोंद. त्यामुळे आधी फुलवुडचं वर्कहाउस (निराधार गरिबांना ठेवून काम करून घ्यायची जागा), प्रेस्टनचा तुरुंग आणि व्हिटिंगहॅमचं वेड्यांचं इस्पितळ बघा. अशा ठिकाणी कधीकधी नुसती आद्याक्षरं लिहीत, तेव्हा नावाने सापडणार नाहीत. वय आणि जन्मगाव टाकून बघा.

जुनी_वही
शुभदाताई, ते 'विधवा' फार मनावर घेऊ नका. घटस्फोट तेव्हा लंडनच्या कोर्टातच मिळायचा, गिरणीकामगाराच्या बायकोला तो खर्च कुठला झेपणार? नवरा सोडून गेला की बाई सरळ विधवा सांगून मोकळी व्हायची. गणतीवाला काही पुरावा मागत नसे.

माझं ऐकाल तर सध्या त्यांचा नाद सोडा आणि पोरांना धरा. इंग्लंडच्या लग्नाच्या दाखल्यावर दोन्हीकडच्या बापांचं नाव आणि धंदा असतो. बाप वारलेला असेल तर बरेचदा तसं लिहिलेलं असतं (नसेल लिहिलं, तर जिवंत होता असं मात्र धरू नका). ती तिन्ही पोरं १९०० च्या आगेमागे लग्नाची झाली असणार.

दुसरं, जनरल रजिस्टर ऑफिसची (तिथलं जन्म-मृत्यू नोंदणीचं कार्यालय) मृत्यूंची सूची नेटवर फुकट बघता येते, तीत वयही असतं. प्रेस्टन जिल्हा, १८८१ ते १८९१, जन्म १८५२ च्या आसपास, एवढं पुरे. जुळणारं दिसलं की दाखला मागवा आणि त्यावरचा खबर देणाऱ्याचा पत्ता बायकोच्या पत्त्याशी ताडून बघा. नावापेक्षा पत्ता जास्त खरं बोलतो. अपघात असेल तर कॉरोनरची (संशयास्पद किंवा अपघाती मृत्यू तपासणारा अधिकारी) चौकशी झाली असणार, आणि तिची बातमी 'प्रेस्टन क्रॉनिकल'मध्ये मिळू शकते. त्याचे जुने अंक ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हवर आहेत.

मुकादमकीबद्दल तुमची शंका रास्त वाटते. म्यूलवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, ते चालवणारा मिंडर एकच, हाताखाली पीसर. त्यांची मजुरी तो स्वतःच्या कमाईतून देई. पीसर ढीगभर, मिंडरच्या जागा मोजक्या. वाट बघून कंटाळलेले गाव सोडायचे, काही तर थेट अमेरिकेत फॉल रिव्हरला. तिथल्या गिरण्यांत लँकेशायरची माणसं खच्चून होती. अमेरिकेची जनगणना जून १८८० ची आहे, एक नजर टाका. जहाजांच्या याद्यांत मात्र शिरू नका, इंग्लंडहून निघणाऱ्यांच्या याद्या १८९० पासूनच्याच टिकल्यात.

खटपट्या
फॉल रिव्हर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण आधी वर्कहाउस, मी अजून त्यावरच आहे.

शुभदा_लीड्स
जुनी_वही, तुमच्या पाया पडते! थोरल्या मुलीच्या लग्नाचा दाखला आला. बापाचा धंदा: मुकादम. पुढे 'मयत'. म्हणजे सासूबाईंची गोष्ट निघाली ती इथून.

जुनी_वही
लग्नात बापाला बढती मिळतेच हो. तिच्या भावाच्या दाखल्यावर तोच बाप मजूर निघाला तर नवल वाटून घेऊ नका. सूचीत काही दिसलं?

शुभदा_लीड्स
प्रेस्टनमध्ये त्या नावाचे बरेच, पण वय जुळणारा एकच: १८८४, वय ३२. दाखला मागवलाय. आणि हो, फॉल रिव्हरही बघितलं. त्याच नावाचे, जवळपास त्याच वयाचे तिघं निघाले, तिघंही सूत कातणारे. हे आडनाव माझा जीव घेणार.