मदत हवी आहे: पत्त्यांतल्या बदामाचे टक्के २५ च्या जवळ येतायत पण जास्तीचे बदाम वाढतायत, लेकीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी, लेक दहावीत आहे, संभाव्यतेच्या धड्यावर प्रकल्प दिलाय. जोकर काढून ५२ पत्त्यांचा कॅट घ्यायचा, न बघता एक पत्ता ओढायचा, बदाम आला का ते लिहायचं आणि पुस्तकातल्या १३/५२ शी म्हणजे २५ टक्क्यांशी ताडून बघायचं.

पहिल्या दिवशी तिने ५२ वेळा पत्ता काढला आणि बरोब्बर १३ बदाम आले, नाचतच आली स्वयंपाकघरात. मग कळलं की काढलेला पत्ता ती परत ठेवतच नव्हती, अख्खा कॅटच संपवला होता, १३ येणारच! ते बाद केलं. आता दर वेळी पत्ता परत घालून, पिसून मगच पुढचा, आणि मी वहीत रेघा मारतेय, चार उभ्या पाचवी आडवी.

तर ५० वेळात १८ बदाम (३६ टक्के), १०० मध्ये ३१, २०० मध्ये ५८ म्हणजे २९ टक्के. मी म्हटलं छान, येतंय जवळ. तर ती म्हणते, "आई, जवळ कुठे? ५० ला साडेबारा हवे होते, साडेपाच जास्त आले, १०० ला ६ जास्त, २०० ला ८. फरक वाढतोच आहे." मी गप्पच झाले, आकडे तर तिचेच बरोबर आहेत.

आता ती म्हणते पुढच्या २०० मध्ये बदाम कमी येतील, हिशोब फिटायला हवा ना. हे मला पटत नाही, आधी काय आलं ते पत्त्यांना कुठे आठवतंय? समजा पुढच्या २०० मध्ये सरळ ५० च आले, तरी ४०० ला १०८ होतात, म्हणजे २७ टक्के, ८ जास्तीचे तसेच राहून टक्का मात्र उतरला. म्हणजे जास्तीचे फिटावे लागत नाहीत, भागायची संख्या मोठी होते म्हणून ते झाकले जातात, असंच ना? तिला वर्गात उभं राहून सांगता येईल असं कोणी सोपं करून सांगेल का?

अजून एक, आमचा कॅट जुना, चिकट झालाय आणि आम्ही हातावरच दोन-तीनदा पिसतो. कॅटचे दोन भाग करून फर्रकन एकमेकांत घालायचे असतील तर सात वेळा पिसावं लागतं असं वाचलंय, हातावरच्या पिसण्याला किती? २०० मध्ये ८ जास्त हे नुसत्या योगायोगाने होतं की पिसण्यातच गडबड आहे, कसं ओळखायचं? नवा कॅट आणून परत २०० करायची तयारी आहे आमची.

वर्गात काहींनी आकडे २५ च्या आसपास बसवून लिहिलेत म्हणे. आम्ही आलेले ५८ च लिहिणार. शुक्रवारी द्यायचंय.