वॅगनआर २००७ पेट्रोल, ॲव्हरेज १५ वरून ११ वर आलंय, अजून काय चेक करू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर पेट्रोल २००७ ची, ११०० सीसीवाली, वडिलांनी घेतलेली, १ लाख १८ हजार किमी झालंय. २०२२ ला पासिंग परत करून घेतलंय त्यामुळे २०२७ पर्यंत तरी कागद ओके आहेत. माझं रोजचं कराड ते सातारा जाऊन येऊन शंभरेक किमी, जवळपास सगळा हायवे, ७०-७५ च्या वर मी पळवत नाही. या रूटला गाडी आरामात १५-१६ द्यायची. पावसाळ्यात १३ वर आली, मी म्हटलं एसी, वायपर, ओले रस्ते, असेल. आता थंडी सुरू झाल्यापासून ११ च्या पण खाली जातीये आणि पिकअप पण सकाळी सकाळी जड वाटतोय.

आत्तापर्यंत केलेलं: चारी प्लग नवीन (जुने काळे कुळकुळीत निघाले), एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, थ्रॉटल बॉडी साफ, हवा दर आठवड्याला. सहा हजार गेले, फरक शून्य. आता एक जण म्हणतोय ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलाय बदला, दुसरा म्हणतोय इंजिन उतरवू. एवढा खर्च करण्यापेक्षा विका म्हणतात सगळे पण ही गाडी मला विकायची नाही, वडील होते तोवर रविवारी स्वतः धुवायचे. कुणाला असा अनुभव आलाय का? नीट सांगा प्लीज.

मिरजकर
भाऊ ई२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल, दुसरं काही नाही. माझ्या जुन्या गाडीचं पण कमी झालंय. २००७ ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेलीच नाही, उगाच पार्ट बदलत बसू नका.

दहाचा_पाना
मिरजकर, ई२० ने ॲव्हरेज कमी होतं हे खरंय पण एवढं नाही हो. इथेनॉलमध्ये एका लिटरला साधारण २१ मेगाज्यूल एनर्जी, पेट्रोलमध्ये ३२ च्या आसपास. पाचात एक भाग इथेनॉल घातलं की हिशोबाने ६-७ टक्के कमी येते. नीती आयोगाच्या २०२१ च्या रिपोर्टमध्ये पण जुन्या चारचाकींसाठी ६-७ टक्केच म्हटलंय. म्हणजे १५.५ देणारी गाडी साडेचौदावर यावी, ११ वर नाही. जुन्या गाडीत रबरी पाइप, सील यांच्यावर लक्ष ठेवायला हवं ते वेगळं, पण चार किमीची घट ई२० च्या नावावर टाकली तर खरा फॉल्ट तसाच राहील.

कृष्णाकाठ, आधी ११ हा आकडा कसा काढला ते सांग. काट्यावरून का टाकी फुल्ल करून? आणि गाडी सपाट रस्त्यावर ४० ला न्यूट्रल करून सोडली तर मोकळी पळते का लगेच थांबते? पंधरा-वीस किमी चालवून चारी चाकांच्या रिमला लांबून हात लावून बघ, एखादं जास्त तापत असेल तर ब्रेक धरतोय. जुन्या गाडीत कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकतात, गाडी ब्रेक दाबल्यासारखी चालते आणि आपल्याला इतकी सवय होते की कळतच नाही.

कृष्णाकाठ
दादा टाकी फुल्ल करूनच काढलंय. एकच पंप, एकच मशीन, ऑटो कटला थांबायचं, वरून कोंबायचं नाही. मागच्या वेळी ३१२ किमी झाले आणि २८.४ लिटर बसलं. चाकं बघितली, पुढचं उजवं थोडं गरम लागतंय पण हात टिकतो. न्यूट्रलला बऱ्यापैकी पळते. एक विचित्र वाटलं ते सांगतो, मागच्या आठवड्यात गावातल्या गावातच चालवली, तरी ११ च्या आसपासच आलं. म्हणजे हायवे आणि गाव सारखंच. असं कधीच नव्हतं.

वर्कशॉपवाले_काका
बाळा मी बत्तीस वर्षं गाड्यांचंच काम केलं, आता हात दुखतात म्हणून बंद केलंय. तू शेवटी जे लिहिलंस ना तेच महत्त्वाचं. थंडीत जास्त खाते, सकाळी जड, प्लग काळे, आणि हायवेला फायदा नाही. मला तीन गोष्टी सांग.

हायवेला तासभर चालवल्यावर टेंपरेचरचा काटा कुठे असतो? चावी ऑन केल्या केल्या रेडिएटरचा पंखा फिरतो का? आणि गेल्या वर्षभरात गाडी कधी हीट झाली होती का, झाली असेल तर कुणी काय केलं?

कृष्णाकाठ
काका, हो!! मे महिन्यात हीट झाली होती, पेठ नाक्याच्या पुढे बंद पडली. जवळच्याच एका गॅरेजला ओढून नेली, त्यांनी दोन तासात करून दिली, म्हणाले आता कधीच हीट होणार नाही. पंखा आता बघून आलो, चावी लावली की लगेच सुरू होतो, मला वाटायचं तसंच असतं. काटा गावात पाव भागाच्या वर येतो, हायवेला खाली सी च्या जवळ असतो. मी उलट खूश होतो की इंजिन थंड राहतंय.

आणि अजून एक आठवलं. नोव्हेंबरात चिपळूणला सासरी गेलो, पाटणच्या पुढे हेळवाकला पहाटे धुकं होतं, काच आतून धुरकट झाली म्हणून हीटर लावला तर गार हवा. बायको म्हणाली हीटर बिघडलाय. कुंभार्ली घाट उतरताना तर काटा पार खाली टेकला होता.

वर्कशॉपवाले_काका
तुझ्या बायकोने आजार बरोबर पकडला होता बघ, फक्त हीटर बिघडलेला नाही, त्याला द्यायला इंजिनकडे गरम पाणीच नाही. तुझा थर्मोस्टॅट काढून टाकलाय आणि पंखा डायरेक्ट केलाय. आपल्याकडे ही पद्धतच पडलीये, गाडी हीट झाली की थर्मोस्टॅट काढा, म्हणे गरम देशात त्याची गरज नाही. मी पोरांना किती वेळा ओरडलोय यावरून. ती झडप इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवते, ८०-९० अंशाच्या दरम्यान उघडते. ती नसली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, त्यात पंखा कायम चालू, वरून हायवेचा वारा. इंजिन तापणार कधी? गावात वारा कमी म्हणून थोडं तापतं, हायवेला परत गार पडतं, म्हणून तुला दोन्हीकडे सारखं ॲव्हरेज मिळतंय.

आता पेट्रोल का जास्त जातं ते समजून घे म्हणजे कुणी फसवणार नाही. गार धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, भिंतीला चिकटतं. ईसीयूला पाण्याच्या सेन्सरवरून कळतं की इंजिन गार आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडतो, जुन्या गाडीत चोक ओढायचो तसं. फरक एवढाच की चोक आपण दोन मिनिटात आत ढकलायचो, तुझी गाडी सात महिने चोकवरच चालू आहे. ईसीयू बिचारा बरोबर काम करतोय, त्याला हात लावू नकोस. न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिक काढून वास घे, पेट्रोलचा आला तर ऑइल लगेच बदल, नाहीतर इंजिन खरंच उतरवायची वेळ येईल.

खात्री करायची असेल तर सकाळी गार गाडी सुरू कर आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला हात लाव, पंख्यात कपडा जाणार नाही हे बघून. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाइप काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. तुझा पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जाईल. रेडिएटरचं झाकण गरम गाडीत उघडू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी.

प्राची_चिपळूण
काका थोडं विचारते, पंख्याचं कनेक्शन परत ओरिजिनल केलं आणि थर्मोस्टॅट बसवला तर मे मध्ये गाडी परत हीट होणार नाही का? तेव्हा हीट का झाली ते कुणी बघितलंच नाही ना.

वर्कशॉपवाले_काका
बरोबर बोललीस ताई, ते आधी बघायचं. यांनी ताप उतरवला, दुखणं तसंच. पंखा सुरू करणारा स्विच नाहीतर रिले गेलेला असेल, किंवा वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतून रेडिएटर आतून क्षार धरून बसला असेल, किंवा पाण्याचा पंप. रेडिएटर काढून साफ करून घे, मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं. नळाचं नको. नवीन थर्मोस्टॅट बसवायच्या आधी जुन्या भांड्यात पाणी उकळायला ठेवून त्यात दोऱ्याने लटकव, उघडताना दिसला पाहिजे. भांडं परत स्वयंपाकाला घेऊ नका.

दहाचा_पाना
काकांना मानलं. माझी भर एवढीच, स्कॅनर लावून बघतो म्हणून कुणी पैसे मागितले तर आधी विचार की या मॉडेलला कनेक्ट होतो का. आपल्याकडे ओबीडी (गाडी स्वतःच बिघाड नोंदवते ती सिस्टीम) २०१० पासून सक्तीचं झालं, तुझी त्याआधीची आहे, बाजारातलं स्वस्त ब्लूटूथवालं बहुतेक चालणार नाही. त्यापेक्षा पीयूसीचे जुने कागद काढ आणि सीओचा (धुरातला कार्बन मोनॉक्साइड, पेट्रोल नीट जळत नसेल तर वाढतो) आकडा बघ, मे च्या आधीचा आणि नंतरचा. आणि ते उजवं चाक सोडू नकोस.

मिरजकर
माझी पण गाडी दोन वर्षांपूर्वी हीट झाली होती आणि पंखा तेव्हापासून सतत चालू असतो... उद्या सकाळी पाइप बघतो.

कृष्णाकाठ
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय कारण एक टाकी पूर्ण संपवून मगच सांगायचं ठरवलं होतं.

हाऊसिंग उघडलं, आत थर्मोस्टॅट नव्हताच, नुसता गॅस्केट. पंख्याची वायर सरळ इग्निशनला जोडलेली. पंख्याचा रिले जळालेला होता, मे मध्ये हीट झाली ती त्यामुळेच, म्हणजे मूळ बिघाड एका रिलेचा होता. रेडिएटरमधून तांबडं पाणी निघालं, साफ करून घेतला. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत होता काका, ऑइल आणि फिल्टर बदलला. पीयूसीचा सीओ मार्चमध्ये ०.२१ होता, ऑक्टोबरमध्ये ०.४६, पास झाली म्हणून मी आकडा कधी बघितलाच नव्हता. पुढच्या उजव्या कॅलिपरची एक पिन सुकलेली निघाली, साफ करून ग्रीस लावलं. सगळं मिळून मजुरीसकट साडेचार हजार, त्यात थर्मोस्टॅट आणि गॅस्केट फक्त ६५० चे.

काटा आता दहा मिनिटात मधोमध येतो आणि तिथेच राहतो. काल टाकी फुल्ल केली, ४०२ किमीला २६.६ लिटर, म्हणजे १५.१. उरलेलं ई२० मध्ये जात असेल, ते मान्य. काका, पुढच्या रविवारी परत चिपळूणला निघतोय, घाटात काटा बघून इथे कळवतो.