मदत हवी आहे: कीबोर्डचं व्हायब्रेशन बंद करायचंय, पण फोन आल्यावरचं चालू राहायला हवं

नमस्कार मंडळी,

फोनवर लिहिताना प्रत्येक अक्षराला बोटाखाली जो झटका बसतो तो मला पूर्ण बंद करायचा आहे. कुणाचा फोन आला की खिशात जे व्हायब्रेशन होतं ते मात्र राहायला हवं. माझ्याकडं एक तर दोन्ही बंद होतात, नाही तर दोन्ही चालू राहतात. आणि बंद केलेलं काही वेळानं परत सुरू होतं. तीन आठवडे झाले, मला काही जमेना.

इतक्या बारक्या गोष्टीसाठी धागा का काढला, ते सांगतो.

मी सांगलीत राहतो आणि कामाला रोज मिरजेला जातो. तिथं तंतुवाद्यांच्या एका कारखान्यात 14 वर्षं जवारी काढतोय. जवारी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. तानपुऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार असतो. त्या उतारावर तार कुठं टेकते आणि कुठं सुटते, त्यावर तानपुरा बोलतो की मुका राहतो हे ठरतं. कानशीचा एक हात जास्त पडला की तार करकरते, कमी पडला की आवाज दबतो. मग तारेखाली सुती दोरा घालायचा आणि केसभर पुढं-मागं सरकवत जागा शोधायची. हे काम करताना कान तारेकडं असतो आणि डाव्या हाताची दोन बोटं तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, टेकलेली असतात. कानाला जे उशिरा कळतं ते बोटांना आधी कळतं. चाचांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला पहिल्या वर्षी कानस हातात दिलीच नाही. नुसती बोटं टेकवून बसायला लावायचे.

गेल्या महिन्यात एका गायिकाबाईंचा तानपुरा जवारीला आला होता. काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला लावायचा. घोडी झाली, दोरा घातला, आणि फळीवर शेजारीच पडलेल्या फोनवर बाईंचा निरोप आला. हात भुकटीनं भरलेला, म्हणून फोन न उचलता एका बोटानं टाइप केलं, 'घोडी तयार आहे'. मोजून बघा, मोकळ्या जागा धरून 13 वेळा बोट दाबावं लागतं. प्रत्येक दाबाला तानपुऱ्यातून हुंकार यायचा. फार बारीक, पण यायचा. माझ्या मनात पहिलं हेच आलं की तबलीचा सांधा कुठंतरी सुटला. अर्धा दिवस भोपळ्यावर टिचक्या मारून फट शोधली. दुसऱ्या निरोपाला उत्तर लिहायला लागलो तेव्हा पलीकडं बसलेले चाचा म्हणाले, "आधी तो फोन उचल फळीवरून." फोन उचलला, तर तानपुरा गप्प.

आता तुम्ही म्हणाल, फोन लांब ठेव. ठेवतो ना. पण दुसरा त्रास हातातल्या फोनचा आहे. वीस-पंचवीस उत्तरं लिहून झाली की बोटांची टोकं बधिर झाल्यासारखी होतात, आणि तीच बोटं मला तबलीवर टेकवायची असतात. मग पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसावं लागतं. लिहिणं टाळता येत नाही. चाचांना फोनवर लिहिणं जमत नाही, त्यामुळं कारखान्याचे सगळे निरोप मीच बघतो. पट्टी कुठली, भोपळा केवढा, बायकी तानपुरा की मर्दानी, पॉलिश कसलं, फोटो पाठवा. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावची विचारपूस आमच्याकडं वाढली आहे. चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आतापर्यंत काय केलं ते लिहितो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन एकदा व्हायब्रेशन बंद केलं. इंग्रजी लिहिताना गेलं. मराठी लिहायला घेतलं की परत आलं. मग एका मोबाइल दुकानात दाखवलं. तिथल्या मुलानं दोन मिनिटांत बंद करून दिलं, आणि मी निवांत झालो. पण त्यानं फोनचं सगळंच व्हायब्रेशन बंद केलं होतं. सुरात तार लावताना फोनची रिंग चालत नाही, म्हणून माझा फोन दिवसभर खिशात व्हायब्रेटवर असतो. त्या दिवशी दुपारी आईची साखर उतरली. तिनं चार वेळा फोन केला आणि मला एकही कळला नाही. शेजारच्या काकूंनी साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी मी सगळं पूर्ववत करून टाकलं.

फोन अँड्रॉइडचा आहे, दोन वर्षांचा, मेनू इंग्रजीत. कुणाला यातलं नक्की ठाऊक असेल तर पायरी-पायरीनं सांगा.

विश्रामबागकर

दादा, आधी एक बघून सांगा. इंग्रजीवरून मराठीवर जाताना तुम्ही काय दाबता? आणि ते दाबल्यावर नुसती अक्षरं बदलतात, की अख्ख्या कीबोर्डचं रूपच बदलतं? म्हणजे बटणांचा आकार, रंग, वरची पट्टी.

धागाकर्ता

खाली कोपऱ्यात कीबोर्डचं छोटं चित्र आहे, ते दाबतो. एक यादी येते, त्यातून निवडतो. आणि हो, रूप बदलतं. इंग्रजीचा कीबोर्ड काळा आहे, मराठीचा पांढरा. आजवर लक्षच गेलं नव्हतं.

साताऱ्याची लेक

आयफोनवाले कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. सेटिंग्ज, मग साउंड्स अँड हॅप्टिक्स, मग कीबोर्ड फीडबॅक. तिथं साउंड आणि हॅप्टिक (म्हणजे बोटाखालचा झटका) असे दोन वेगळे खटके आहेत. हॅप्टिक बंद करायचं. ही सोय 2022 मध्ये आयओएस 16 सोबत आली. फोन आल्यावरच्या व्हायब्रेशनला त्यानं धक्का लागत नाही.

दादा, तुमच्या आईंची तब्येत आता बरी आहे ना? फोन लागेपर्यंतची ती घालमेल मी माझ्या वडिलांच्या वेळी अनुभवली आहे. साताऱ्यात ते एकटे असायचे.

विश्रामबागकर

मग गाठ सापडली. तुमच्या फोनमध्ये दोन कीबोर्ड आहेत. एक फोनसोबत आलेला, त्यावर तुम्ही इंग्रजी लिहिता. दुसरा मराठीसाठी नंतर घेतलेला. दोघांच्या सेटिंग स्वतंत्र असतात. तुम्ही एकाचं व्हायब्रेशन बंद केलंत आणि दुसऱ्याचं राहिलं, म्हणून 'परत सुरू झालं' असं वाटायचं. परत काही सुरू होत नव्हतं, कीबोर्ड बदलत होता.

पांढरा कीबोर्ड बहुतेक जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड असणार. कुठंही लिहायला घ्या म्हणजे तो उघडेल. वरच्या पट्टीत दातेरी चाकाचं चित्र असेल ते दाबा. ते दिसलं नाही तर डाव्या टोकाला चार चौकोनांचं चित्र असतं, त्यात सेटिंग्ज मिळेल. मग प्रेफरन्सेस. तिथं खाली जात राहिलात की की-प्रेस असा भाग येतो आणि त्यात 'हॅप्टिक फीडबॅक ऑन कीप्रेस' असतं. ते बंद करा. त्याच्या जवळच 'साउंड ऑन कीप्रेस' आहे. तुमच्या कामात टकटकही नको असेल तर तेही बंद करा. कुणाला पूर्ण बंद नको, नुसतं हलकं हवं असेल तर झटक्याचा जोर मिलिसेकंदात कमी करायची पट्टीही तिथंच आहे.

काळ्या कीबोर्डलाही असंच त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. सॅमसंगचा असेल तर 'स्वाइप, टच अँड फीडबॅक' आणि त्यात 'टच फीडबॅक' असं नाव आहे. बाकी कंपन्यांची नावं थोडी वेगळी, पण व्हायब्रेशन किंवा हॅप्टिक यांतला एक शब्द असतोच.

तिसरी जागा फोनची स्वतःची. सेटिंग्जमध्ये साउंड अँड व्हायब्रेशन, त्यात व्हायब्रेशन अँड हॅप्टिक्स. सगळ्यात वर एक मोठा खटका असतो. दुकानातल्या मुलानं बहुधा तोच पाडला. त्याला हात लावू नका, तो पडला की फोन आल्यावरचंही बंद होतं. त्याच्या खाली रिंगचं, नोटिफिकेशनचं आणि टच फीडबॅक अशी वेगवेगळी नावं दिसतील. त्यातलं टच फीडबॅक तेवढं बंद करा, रिंगचं तसंच ठेवा. नव्या काही अँड्रॉइडमध्ये इथंच कीबोर्ड व्हायब्रेशन असा वेगळा खटकाही मिळतो.

आता तुमच्या तानपुऱ्याबद्दल, कारण मला तेच वाचून राहवलं नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे. जुन्या किंवा स्वस्त फोनमध्ये एक बारीक मोटर असते आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असं वजन बसवलेलं असतं. ते फिरलं की फोन हलतो. नव्या फोनांत स्प्रिंगवर बसवलेलं वजन चुंबकाच्या जोरावर पुढं-मागं हलतं. या दुसऱ्या प्रकाराची कंपनं सेकंदाला साधारण दीडशे ते अडीचशेच्या घरात असतात. काळी चारच्या षड्जाची कंपनं सेकंदाला साधारण 208. म्हणजे तुमच्या जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारांचा सूर नेमका त्याच पट्ट्यात येतो. सूर जवळ आला की तार न छेडता बोलते. सतारीच्या तरफा, म्हणजे न छेडता वाजणाऱ्या खालच्या तारा, लावताना तुम्ही हेच तर रोज ऐकता. फोन फळीवर, भोपळा फळीवर, आणि मधे अडवायला काहीच नाही.

बोटांचंही तसंच. आपल्या त्वचेला थरथर सर्वांत जास्त जाणवते ती सेकंदाला दोनशे ते तीनशे कंपनांच्या आसपास. त्याच पट्ट्यातली थरथर सतत बसत राहिली की बोटांची जाणीव काही काळ बोथट होते. तुम्ही म्हणता ते उगाच नाही.

कृष्णाकाठचा

सेटिंग होईपर्यंत फोनखाली जाड नमद्याचा तुकडा ठेवा, किंवा जुनं घोंगडं चौघडी करून. आमच्याकडं शिलाई मशिनखाली तेच घालतो, खालच्या मजल्यावर थरथर जात नाही.

आणि बोलून लिहायची सोय वापरून बघा. कीबोर्डवरच्या माइकचं चित्र दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. भोपळा, पट्टी असले शब्द ठीक येतात, जवारीचं काय होईल ते बघा. तेवढीच बोटं वाचतील.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. आज रविवार, कारखाना बंद, म्हणून सकाळीच चाचांकडून किल्ली घेऊन गेलो आणि शांतपणे एकेक करत बसलो.

पांढरा कीबोर्ड जीबोर्डच निघाला. दातेरी चाक नव्हतं, चार चौकोनांतून गेलो. हॅप्टिकचा खटका चालू होता, तो पाडला. काळ्याचा मी आधीच बंद केला होता, तो तसाच होता. एवढं करूनही फोनचं कुलूप उघडताना आकडे दाबले की आणि एखाद्या निरोपावर बोट धरून ठेवलं की झटका बसतच होता. ते टच फीडबॅक निघालं. तेही बंद केलं. वरच्या मोठ्या खटक्याकडं गेलो नाही.

मग बाईंचाच तानपुरा फळीवर घेतला. चारही तारा लावल्या, पंचम, जोड, खर्ज. फोन पहिल्यासारखाच शेजारी ठेवला, नमदा न घालता. डाव्या हाताची बोटं तबलीवर टेकवली आणि उजव्या हातानं तेच लिहिलं, 'घोडी तयार आहे'. काचेवर बोट आपटल्याची हलकी टकटक तेवढी लागली, ती कोरडी असते, तारेत शिरत नाही. हुंकार आला नाही. खात्रीसाठी अर्धं पान लिहून काढलं, त्यात 'षड्ज' आणि 'कृष्णा' असले पाय मोडायचे शब्द मुद्दाम घातले, म्हणजे दाब जास्त पडावेत. काही नाही. त्यानंतर लगेच दोरा सरकवून बघितला, तर सगळं बोटांना पहिल्यासारखं स्वच्छ लागलं.

नंतर फोन व्हायब्रेटवर करून खिशात टाकला आणि घरी सांगून ठेवल्याप्रमाणं आईला फोन करायला लावला. मांडीला चांगली जाणवेल एवढी थरथर आली. दोनदा करायला लावलं. ताई, आई आता बरी आहे, गोळ्या वेळेवर घेते. फोनवर मला म्हणाली, "झालं का तुझं, की अजून करू?"

कृष्णाकाठचे दादा, बोलून लिहायचंही बघितलं. 'जवारी'चं 'ज्वारी' झालं. भोपळा आणि तानपुरा मात्र बिनचूक आले, त्यामुळं लांबलचक उत्तरांना आता तेच वापरीन आणि जवारी तेवढी हातानं दुरुस्त करीन. नमद्याचा तुकडाही फळीवर ठेवला आहे, कारण चाचांचा फोन अजून तसाच आहे. उद्या त्यांचाही करून देतो.