समाजमाध्यमं मत बदलतात की नुसती मतदार हलवतात?

आकडेमोड:
फेसबुकवरची माहिती प्रचारासाठी वापरणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीचं नाव निघालं की 'लोकांची डोकी फिरवली' हे गृहीतच धरलं जातं. विदा (लोकांची माहिती) उचलली गेली हे खरं. साधारण २.७ लाख लोकांनी प्रश्नावलीचं अ‍ॅप घेतलं आणि त्यांच्या मित्रयाद्यांमधून ८.७ कोटींपर्यंत खात्यांची माहिती बाहेर पडली. पण माहिती हाती लागली म्हणजे मत फिरलं असं नाही. अमेरिकेतल्या प्रचारावरचे ४० प्रयोग २०१८ साली एकत्र तपासले, तर सार्वत्रिक निवडणुकीत मन वळवण्याचा सरासरी परिणाम शून्य निघाला. बागुलबुवा पुरे.

तिरपागडा:
ते प्रयोग मुख्यतः घरभेटी, फोन आणि टपालाचे. ते फीडला, म्हणजे अ‍ॅप उघडल्यावर समोर येणाऱ्या नोंदींच्या रांगेला, कसे लावता? शिवाय मत बदलायची गरजच काय, आपल्या बाजूच्या माणसाला केंद्रापर्यंत नेलं की झालं. २ नोव्हेंबर २०१० ला फेसबुकने अमेरिकेतल्या सुमारे ६ कोटी लोकांना 'मी मत दिलं' बटण आणि मत दिलेल्या मित्रांचे चेहरे दाखवले. काहीच न दिसलेल्यांपेक्षा मतदान ०.३९ टक्क्यांनी जास्त. चेहरे काढून नुसतं बटण दाखवलं, तर फरक पडला नाही! आता हेच बटण निवडक मतदारसंघांतच दाखवलं, तर बाहेरच्याला कळणार कसं?

आकडेमोड:
त्या अभ्यासातल्या ३.४ लाख वाढीव मतांपैकी थेट परिणाम जेमतेम ६० हजारांचा, बाकी मित्रांमार्फत झालेल्या प्रसाराचा अंदाज. आणि अमेरिकेतल्या २०२० च्या निवडणुकीत तीन महिने काहींची फेसबुक-इन्स्टाग्रामची फीड अल्गोरिदमच्या निवडीऐवजी कालक्रमाने लावली. वापराचा वेळ घटला, राजकीय मतं जागच्या जागी.

तिरपागडा:
एकाची फीड बदलली, भोवतालच्यांची तीच राहिली. सगळा गाव गढूळ पाणी पितोय आणि तुम्ही एकाच घरी गाळणं देऊन साथ मोजताय. प्रसाराच्या नळालाच हात लावायला हवा. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पाच किंवा जास्त हातांतून आलेला निरोप एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. असे निरोप ७० टक्क्यांनी घटले, तेही मजकूर न वाचता.

जोडणीवाला:
तो आकडा कंपनीचाच. मजकूर कूटबद्ध, त्यामुळे घटलेल्यांत अफवा किती आणि लसीकरणाच्या सूचना किती, हे बाहेरून मोजता येत नाही. एक चॅट म्हणजे १,०२४ जणांचा गट असू शकतो, हेही धरा. आणि मजकूर कॉपी करून नव्याने डकवला की 'फॉरवर्डेड'ची खूण जाते, मोजणी पुन्हा शून्यापासून. संघटित टोळीला हे पहिल्याच दिवशी उमगतं. मर्यादा आडवी येते ती घाईत बोट दाबणाऱ्या साध्या माणसाला.

तिरपागडा:
पण पसरवतो तोच ना?