मॅट्रिक्सनं स्टिकर उलटा काहून झुकते?

संत्रा_वरूड:
नमस्कार मंडळी, गावातल्या भाऊच्या संत्रा रोपवाटिकेचं वेबपेज बनवून रायलो. फोटोच्या कोपऱ्यात "नवी कलमं" असा पिवळा स्टिकर तिरपा लावाचा आहे. सीएसएसमध्ये (पेजची सजावट ठरवणारी भाषा) ट्रान्सफॉर्म म्हणून, म्हणजे वस्तू फिरवाच्या-सरकवाच्या सूचनेत, रोटेट(३०डेग), म्हणजे ३० अंश फिरव, लिवलं तर बरोबर उजवीकडं झुकते, पण कॉलेजच्या वहीतून त्याचीच मॅट्रिक्स (तेच फिरवणं आकड्यांच्या चौकटीत मांडलेलं) काढून टाकली, मॅट्रिक्स(०.८६६, -०.५, ०.५, ०.८६६, ०, ०), तर डावीकडं! आन दुसरं म्हणजे माऊस नेला की मोठा व्हावा म्हणून होवरला स्केल(१.१) देलं, तर मोठा होते पण एकदम सरळ होऊन जाते. काल रात्री लाईन जाईपर्यंत हेच चाललं होतं.

वहीवाला:
भाऊ, तुम्ही मॅट्रिक्स आडवी भरली, सीएसएस उभी वाचते. पहिला स्तंभ आधी, म्हणजे कॉस, साइन, मग दुसरा, वजा साइन, कॉस. तुमचा वजा चुकीच्या घरात गेला. (०.८६६, ०.५, -०.५, ०.८६६, ०, ०) करून पाहा. वहीत वाय अक्ष वर जाते, स्क्रीनवर खाली, म्हणून तोच कोन इथं घड्याळाच्या काट्यासारखा फिरते. आन शेवटचे दोन आकडे सरकवाचे, त्याले पीएक्स (पिक्सेल) लावू नका, लावलं तर पूर्ण ओळच बाद होते आन पेजवर काहीच बोंब दिसत नाही. माहा अर्धा दिवस गेला होता त्यात.

काटोलकर:
होवरचं ट्रान्सफॉर्म जुन्यात भर घालत नाही, जुनं पुसूनच टाकते. म्हणून होवरमध्ये रोटेट(३०डेग) स्केल(१.१) दोन्ही लिवा. मॅट्रिक्सच पाहिजे असन तर पहिले चार आकडे १.१ नं गुणा, ०.९५३, ०.५५, -०.५५, ०.९५३. पण हातानं मॅट्रिक्स काहून लिवता बाप्पा, ब्राऊजर स्वतःच करते, इन्स्पेक्टमध्ये (ब्राऊजरचं तपासाचं साधन) कंप्युटेड उघडून पाहा. ट्रान्सलेट, म्हणजे सरकवणं, जोडसान तर क्रम सांभाळा. बैलगाडी आधी वळवून मग चार पावलं हाकली आन आधी हाकून मग वळवली, तर गाडी एकाच जागी उभी रायते का? रोटेट आन स्केल आता वेगळ्या प्रॉपर्टी बी आहेत, क्रोममध्ये १०४ पासून, २०२२ साली आल्या, पण गावात जुने मोबाईल लय, मी तं ट्रान्सफॉर्मच वापरतो.

संत्रा_वरूड:
झालं भाऊ दोन्ही! आता स्टिकरचा कोपरा कापल्या जाऊन रायला, पाह्यलं तं फोटोच्या कार्डाले ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवाची सूचना) मीच टाकून ठेवलं होतं. काढतो.