रश्श्याला नको, भाजायला हवा

प्रश्न असा होता की आठवड्यातून एकदा मटण-चिकन करणाऱ्याने मीट थर्मामीटर, म्हणजे मांसात खुपसून आतलं तापमान बघायचा थर्मामीटर, घ्यावा का. रश्श्यासाठी घेणार असाल तर पैसे वाचवा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये त्याहूनही वर. काळ्या मसाल्यातलं मटण सुरक्षित तापमान केव्हाच ओलांडतं, पण तेव्हा ते चिवटच असतं. मऊ व्हायला वेळ द्यावा लागतो, आणि तो कुठलाही थर्मामीटर सांगत नाही. एक फोड बोटानं दाबून बघा, झालं.

अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये किंवा गंगापूर धरणाकडे कुणाच्या शेतावर निखाऱ्यावर भाजत असाल तर मात्र जरूर घ्या. तिथे वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. कोंबडीला आत ७४ अंश सेल्सिअस, मटणाच्या खिम्याच्या कबाबांना ७१, हे अमेरिकी कृषी खात्याचे आकडे. रंगावर विसंबू नका; कोवळ्या कोंबडीचं हाडाजवळचं मांस पूर्ण शिजूनही गुलाबी दिसू शकतं. थर्मामीटरचं टोक कोंबडीच्या मांडीच्या जाड भागात खुपसायचं, हाडाला टेकू द्यायचं नाही.

लेझरवाला, बंदुकीसारखा थर्मामीटर नको, तो फक्त वरचं तापमान दाखवतो. टोकदार सळईचा साधा डिजिटल पुरे. आणल्यावर बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. आमच्याकडे तो विरजणाचं दूध कोमट झालंय का हे बघायलाच जास्त वापरतात, ही गोष्ट वेगळी.