बेडसोर झाला म्हणून केअर सेंटरवर दावा लावावा का?

शमी:
माझं मत स्पष्ट आहे, लावावा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सतत एकाच जागी दाब पडून माकडहाडावर आतलं हाड दिसेल एवढी जखम होते आणि सेंटरवाले म्हणतात "वय झालंय, व्हायचंच". अहो आधी कातडी लाल होते, बोटाने दाबलं तरी लाली जात नाही, मग साल निघते, मग खड्डा पडतो, तेव्हा कुठे चौथी स्टेज येते. तोपर्यंत रोज डायपर बदलणाऱ्या कुणालाच दिसलं नाही?

रात्रपाळी:
शमी, मी हेच काम करते म्हणून सांगते, नेहमी असं टप्प्याटप्प्याने होत नाही. कधीकधी आतलं मांस आधी मरतं, वर जांभळा डाग उठायला दोन-तीन दिवस जातात. म्हणजे पेशंट आमच्याकडे आला सोमवारी, डाग दिसला मंगळवारी आणि दाब पडला होता आधीच्या ऑपरेशन टेबलावर, मग दावा कुणावर? शेवटच्या दिवसांत रक्तपुरवठाच कमी होतो, तेव्हा कितीही कूस बदला, कातडी टिकत नाही. आणि केसेस वाढल्या की आम्ही पेशंटला वळवायचं सोडून चार्टच भरत बसणार.

शमी:
मग दाखल करतानाच टाचा, माकडहाड, खुबे सगळं बघून फोटो काढून ठेवा ना, त्यात तुमचंच संरक्षण आहे. टाळता न येणारी जखम असते हे मान्य, पण ती टाळायला काय काय केलं ते सेंटरने दाखवायला नको का? अमेरिकेत मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यविम्याने, ऑक्टोबर २००८ पासून हॉस्पिटलमध्येच झालेल्या तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या बेडसोरचे जादा पैसे देणं बंद केलं, कारण यातल्या बऱ्याच जखमा टाळता येतात.

कोरा कागद:
दाव्याच्या बाजूने आहे, पण नुसत्या जखमेच्या फोटोवर केस उभी राहत नाही हो. दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदींचा चार्ट मागा. दोन, चार, सहा, आठ, सगळ्या नोंदी एकाच पेनाने एकाच दमात लिहिलेल्या, आणि पेशंट एक्स-रेला बाहेर नेलेला होता त्या वेळीसुद्धा "डावी कूस" लिहिलेलं, असं सापडलं की बाकी फार बोलावं लागत नाही. शिवाय जखमेची लांबी-रुंदी-खोली दर आठवड्याला मोजली का, वजन उतरत होतं तेव्हा खाण्यात काही बदल केला का, हेही बघा. आणि सावळ्या कातडीवर लाली बऱ्याचदा दिसतच नाही, हात लावून गरम किंवा कडक लागतंय का ते बघावं लागतं, स्टाफला हे शिकवलं होतं का हा प्रश्न तर विचारायलाच हवा.

रात्रपाळी:
चार्ट खोटा असेल तर दावा लावाच, त्यात माझं दुमत नाही. पण तो मालकावर लावा. अख्ख्या मजल्याला रात्री एक बाई ठेवायची, जड पेशंटला वळवायला दोन माणसं लागतात हे माहीत असून, आणि नोटीस आली की पहिली नोकरी तिचीच जाते. सरसकट दाव्यांना माझा विरोध आहे तो यासाठी.

शमी:
मग त्या रात्रीचं ड्युटी रजिस्टरही मागायला हवं, कामावर किती माणसं होती ते त्यात येतं. दावा मालकावरच हवा, हे मान्य. पण तो लावूच नये, हे नाही पटत.